आजारी मुलांना हरवणारी आत्या

आजारी मुलांना हरवण्यासाठी दोन बस बदलून जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या निघाली. समाजसेवा करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. कुणी आजाऱ्यांना फळं वाटतं, कुणी चादरी वाटतं, कुणी वाटता वाटता फोटो काढून घेतं. आमच्या आत्या मुलांच्या वॉर्डात जातात, एखाद्या पलंगाच्या कडेला ठिय्या मारतात, सलाईन लावलेल्या पोरासमोर चौकाबाऱ्याचा पट पसरतात आणि त्याला सपाटून हरवतात. पोरगं हिरमुसलं की कवड्या गोळा करत, पदर खोचून, तोंडभर हसून विचारतात, "इन्नोंदु?" म्हणजे आणखी एक डाव? आणि ते पोरगं, ज्यानं सकाळपासून औषधाचा चमचासुद्धा तोंडाला लावू दिलेला नसतो, ते उठून बसतं.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, कोरमंगलात राहिलो आणि चामराजपेटेतल्या एका जुन्या मराठी घराण्याचा जावई झालो. हे घराणं इथं नेमकं कधी आलं ह्याबद्दल घरातल्या प्रत्येक काकांचं स्वतंत्र मत आहे, पण कुठल्यातरी फौजेबरोबर आलं आणि फौज परत गेली तरी हे राहिलं, इतपत एकमत आहे. आत्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं, आणि माझी ऐकून त्यांना. "जावईबापू स्वल्प पुस्तकासारखं बोलतात की," असा अभिप्राय त्यांनी माझ्यासमोरच दिला. आत्यांनी लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारलं तर "वेळ झाला नाही" म्हणतात. निवृत्त होईपर्यंत टेलिफोनच्या कारखान्यात वायरी जोडत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या दोन मैत्रिणींनी मिळून एक छोटीशी संस्था काढली. लोकांच्या घरची वापरलेली खेळणी गोळा करायची, धुऊन-दुरुस्त करून इस्पितळातल्या मुलांपर्यंत पोचवायची आणि त्यांच्याबरोबर बसून खेळायचं, एवढंच तिचं काम. मैत्रिणी गोळा करतात, धुतात, पोचवतात. खेळायचं खातं आत्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

त्यांचा खेळातला कडवेपणा मला पहिल्याच दिवाळसणाला कळला. आमच्याकडे पहिल्या दिवाळीला जावई म्हणजे काय प्रकरण असतं ते सांगायला नको. पाट, रांगोळी, ओवाळणी, आग्रह. जेवण झाल्यावर आत्यांनी कापडी पट पसरला आणि मला बसवलं. चौकाबारा ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी एकच नियम सांगतो, कारण पुढे त्याचंच सगळं रामायण आहे. सोंगट्या बाहेरच्या घरांतून फिरवत आतल्या घरांत न्यायच्या असतात, पण समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. म्हणजे कुणी कितीही सज्जन असला तरी मारामारी अटळ. आत्यांनी त्या दिवशी माझी एकही सोंगटी जिवंत ठेवली नाही. माझी आई फोनवर ऐकून म्हणाली, "अगंबाई, दिवाळसणाच्या जावयाला हरवतात का कुणी?" मी तो निरोप भोळेपणानं पोचवला. आत्या म्हणाल्या, "जावई म्हणून जेवायला श्रीखंड दिलं की. आटात सगळे सारखे." आट म्हणजे खेळ. तेव्हापासून त्या घरात मला श्रीखंड मिळतं आणि हारही मिळते.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे खेळण्यांचं माहेरघर आहे. तिथं बसायचं तर आधी एखादं हत्तीचं कुटुंब हलवावं लागतं. गच्चीवरच्या दोरीला धुतलेली अस्वलं, ससे, माकडं कानांना चिमटे लावून ओळीनं लटकत असतात. नवीन पोस्टमन आला की तो वर बघत बघत पायरी चुकतो. खेळणं दान करायला येणाऱ्याची आत्या मुलाखत घेतात. एकदा माझ्याच ऑफिसातली एक मुलगी पिशवीभर खेळणी घेऊन आली. आत्यांनी वरचं तपकिरी अस्वल उचललं आणि विचारलं, "ह्याचं नाव काय?"

"नाव? नाव असं काही नाहीये, आंटी. टेडी आहे तो."

"तुम्हाला नसेल माहीत. मुलाला विचारा की."

तिनं घरी फोन लावला. तिकडून तिचा मुलगा म्हणाला, मिस्टर इडली. आत्यांनी चिठ्ठीवर कन्नडमध्ये 'मिस्टर इडली' लिहून ती अस्वलाच्या गळ्यात बांधली आणि म्हणाल्या, "आता विचारा, द्यायला तयार आहे का तो." पलीकडून मुलगा म्हणाला, बाकी सगळी दे, मिस्टर इडलीला परत आण. आत्यांनी चिठ्ठी तशीच राहू दिली आणि अस्वल त्या मुलीच्या हातात दिलं. "आईनं दिलेलं चालत नाही. मालकानं द्यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. आमच्या ऑफिसातली ती मुलगी अस्वल मांडीवर घेऊन कोरमंगलापर्यंत रिक्षातून परत गेली.

दुरुस्तीतही त्यांचा हात मोकळा आहे. मोकळा म्हणजे जरा जास्तच मोकळा. आवाज बंद पडलेल्या आगीच्या बंबात त्यांनी एकदा एका फुटक्या बाहुलीचं यंत्र बसवलं. तेव्हापासून तो बंब भोंगा वाजवायच्या ऐवजी "मम्मा, मम्मा" अशी हाक मारत आगीकडे धावतो. मी म्हटलं, आत्या, हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, "का? बंबाला आई नसते?" तो बंब वॉर्डात इतका लोकप्रिय झाला की त्याच्यासाठी पाळी लावावी लागते. बायकांना बसमध्ये फुकट प्रवास सुरू झाल्यापासून कंडक्टर जे शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ती तिकिटं आत्या उतरताना सगळ्या बायकांकडून मागून घेतात. वॉर्डात कंडक्टर-कंडक्टर खेळायला खरी तिकिटं लागतात, खोटी मुलं ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. त्या मार्गावरच्या भाजीवाल्या बायका आता न मागता तिकीट पुढे करतात.

पण खरी मजा नव्या खेळण्यांची. एकदा आमच्याच कंपनीतली तरुण मंडळी, गळ्यात ओळखपत्रं, अंगात एकसारखे शर्ट, खोकीच्या खोकी नवी कोरी खेळणी घेऊन आली. आत्यांनी आनंदानं सगळ्यांना कॉफी दिली. मग एक खोकं फोडलं, आतली चकचकीत लाल मोटार काढली आणि बाहेरच्या दगडी पायरीवर तिची कड चांगली कराकरा घासली. त्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले. मलाही वाटलं, झालं, म्हातारीचं डोकं फिरलं. आत्या मोटारीवरचा ओरखडा निरखत म्हणाल्या, "हे नवंकोरं पोराच्या हातात दिलं की त्याची आई लगेच काढून घेते. मोडेल म्हणते. घरी जाईपर्यंत पिशवीत ठेवते. पोर पिशवीकडं बघत पडून राहतं. ओरखडा असला की आई काही बोलत नाही. तुम्ही पण बसा की. खूप आहेत." आणि खरोखर ती मंडळी पायरीवर बसली. त्यांचा टीमलीड, मीटिंगमध्ये ज्याच्या कपाळावरची आठी मी कधी उतरलेली पाहिली नव्हती, तो मांडी घालून एक ट्रक घासत बसला होता आणि मधूनमधून आत्यांना दाखवत होता, एवढा पुरे का? "स्वल्प आणखी," आत्या म्हणत होत्या.

आणि त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. त्यात अनाथ सोंगट्या असतात. लोक बुद्धिबळ देतात त्यात घोडा नसतो, ल्युडो देतात त्यात पिवळ्या दोनच असतात. असे उरलेसुरले घोडे, प्यादी, प्लॅस्टिकच्या कोंबड्या, बाहुलीचा बूट, सगळं त्या डब्यात. चौकाबाऱ्याला बसणाऱ्या मुलानं त्यातून आपल्या चार सोंगट्या निवडायच्या. त्या चार कायमच्या त्याच्या. घरी जाताना तो त्या घेऊन जातो. पट मात्र आत्यांचा.

आता आत्या मुलांना हरवतात ह्यावर माझा आक्षेप होता, आणि तो मी वेळोवेळी नोंदवलाही होता. अहो, आधीच ती लेकरं आजारी, त्यांना एखादा डाव जिंकू दिला तर काय बिघडतं? आत्या ह्यावर वाद घालत नसत. "कळत नाही तुम्हाला," एवढंच म्हणत. मला ते कळलं चैत्रामुळे.

चैत्रा देवनहळ्ळीकडची. वय असेल नऊ-दहा. तिचे वडील विमानतळावर टॅक्सी चालवतात. आजोबांची द्राक्षाची बाग होती, तिथं आता प्लॉटच्या खुणांचे दगड उभे आहेत. स्कूटरवरून पडून पोरीच्या पायाचं हाड मोडलं होतं, एक ऑपरेशन झालं होतं, पण हाड नीट जुळलं नव्हतं आणि दुसरं करायचं ठरलं होतं. ते ठरल्यावर थोड्याच दिवसांत तिनं बोलणं सोडलं होतं, जेवणही जवळजवळ सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून असे. डॉक्टर म्हणत होते, अंगात ताकद नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, आणि जितकं पुढे जाईल तितकं चालणं अवघड होईल. त्या शनिवारी खेळण्यांच्या पिशव्या जास्त होत्या म्हणून मी आत्यांना गाडीनं घेऊन गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

आत्यांनी तिची विचारपूस केली नाही. कुठल्याच मुलाला त्या आजार विचारत नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी पट पसरला, डब्यातून चार सोंगट्या पोरीच्या नावानं काढल्या, चार स्वतःच्या, आणि दोन्ही बाजूंनी एकट्याच खेळायला लागल्या. स्वतःच्या सोंगट्या नेहमीप्रमाणे चोख चालवत होत्या, पण पोरीच्या बाजूनं असा काही गाढवपणा करत होत्या की मलाच बघवेना. मारायची सोंगटी सोडून भलतीच पुढे ढकलत होत्या. भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडे वळलं. आणि शेवटी पोरगी कानडीत ओरडली, "ती नाही! ती कोंबडी पुढं करा!"

"मग तूच कर की," आत्या म्हणाल्या, आणि कवड्या तिच्यापुढे सरकवल्या.

पोरगी चांगली खेळायची. हिरवी कोंबडी तिनं सगळ्या पटावरून फिरवत अगदी आत शिरायच्या दारापर्यंत आणली. मग आत्यांनी कवड्या टाकल्या, चौका पडला, आणि त्यांनी ती कोंबडी मारली. उचलून सरळ पटाबाहेर ठेवली. पोरीनं जे भोकाड पसरलं ते शेजारच्या वॉर्डात ऐकू गेलं असेल. मोठ्या सिस्टर धावत आल्या. बाई स्वभावानं चांगल्या, पण त्यांच्याही अंगावर वॉर्डाची जबाबदारी. "अज्जी, हे काय? आठवडाभर आम्ही हिला फुलासारखं जपतोय आणि तुम्ही रडवता? उद्यापासून तुमचा पट इथं नको." आत्यांनी मुकाट्यानं पट गुंडाळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर वाटलं, आता आत्या रडणार. त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "रडली की ती. चांगलं झालं."

दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरांचा फोन आला. चैत्रा सकाळपासून विचारत होती, ती लबाड अज्जी कुठं आहे. तिला बदला घ्यायचा होता. त्यासाठी तिनं ताटलीभर उप्पीट खाल्लं होतं आणि वर दूध मागितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिची आई मला बाहेरच्या बाकावर भेटली आणि डोळे पुसत सांगायला लागली. माझी कन्नड यथातथाच, पण जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. पोरीनं आदल्या रात्री आईला मनातलं सांगितलं होतं. तिचे वडील रोज ड्यूटी संपवून येत आणि तिच्याबरोबर चौकाबारा खेळत. आधी ते तिला कधी सोडत नसत. ऑपरेशन ठरल्यावर एकदा त्यांना बरोबर चार पडले, तिची सोंगटी मारायला चारच हवे होते, आणि त्यांनी दुसरीच सोंगटी हलवली. मग मामा हरले, मग सिस्टर हरल्या. पोरीनं हिशेब केला की सगळेच मला जिंकू देतायत, म्हणजे मी आता मरणार आहे. आणि मग आत्यांनी तिची कोंबडी मारली. तिनं आईला विचारलं होतं, "मी मरणार असते तर त्या अज्जीनं मारली असती का गं?"

ऐकून मी बाकावर बसलो तो बसलोच. आजवर दिलेले सगळे उपदेश आठवले. आत डाव रंगात आला होता आणि आत्या पुन्हा जिंकत होत्या.

ऑपरेशन नीट झालं. नंतर चालायची वेळ आली तेव्हा चैत्रा पाय जमिनीला टेकवायला तयार नव्हती. दुखतं म्हणायची, आणि दुखतच असणार. आत्यांनी पट पलंगावर मांडायचं बंद केलं. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला खिडकीजवळ एक टेबल होतं, तिथं त्या पट मांडून बसू लागल्या. "पलंगावर कवड्या नीट पडत नाहीत," म्हणायच्या. पहिल्या दिवशी चैत्रा आली नाही. आत्या संध्याकाळपर्यंत तिथं एकट्या कवड्या खुळखुळवत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी वॉकर टेकत, रडत, आत्यांना शिव्या देत ती टेबलापर्यंत आली. हरली, आणि रागानं परत चालत गेली. घरी जाईपर्यंत तिला एकही डाव जिंकता आला नाही. जाताना कोंबडीसकट चार सोंगट्या दप्तरात टाकून ती आत्यांना म्हणाली, "मी परत येणार आणि तुम्हाला हरवणार." आत्या म्हणाल्या, "सरी, बरं. ये." मोठ्या सिस्टर तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत स्वतः पटावर बसतात. त्याही हरतात, पण आता खरोखर हरतात.

ह्यानंतर दोनेक वर्षांनी आत्या पडल्या. कुठं पडल्या? स्वतःच्या पुढच्या खोलीत, एका खेळण्यातल्या मोटारीवर पाय पडून. आम्ही धावत गेलो तेव्हा त्या अस्वलांच्या ढिगात आडव्या होत्या, चेहरा वेदनेनं पांढरा पडलेला, आणि म्हणत होत्या, "चाक मी दुरुस्त केलेलं आहे. धावणारच की." खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलं, आता ह्यांना लवकर उभं करा, पडून राहिल्या तर मग कायमच्याच अंथरुणाला खिळतील. आम्हाला वाटलं, आत्या काय, पहिल्याच दिवशी चालायला लागतील. पण त्या उठेनात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला गोड बोलून परत पाठवायच्या. "उद्या बघू की," म्हणायच्या. भांडत नव्हत्या, हट्ट करत नव्हत्या, इस्पितळातली पथ्याची खिचडीसुद्धा निमूट खात होत्या. आम्ही घाबरलो ते त्यामुळेच.

भेटायला अख्खं चामराजपेट लोटत होतं. शहाळी, फळं, अंगारे. त्यांचं मन रमावं म्हणून माझे सासरे, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, घरून पट घेऊन आले. ही दोघं भावंडं लहानपणापासून चौकाबाऱ्यावर भांडत आलेली. एका डावावरून त्यांच्यात महिनाभर अबोला झाल्याची कथा घरात सांगतात. मी बाजूलाच होतो. सासऱ्यांनी कवड्या टाकल्या, दोन पडले. आत्यांची सोंगटी दोनच घरं पुढे होती. सासरे घुटमळले, बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांनी दुसरी सोंगटी उचलली.

आत्या त्या कवड्यांकडे बघत राहिल्या. मग पटाची चारी टोकं उचलून त्यांनी त्याची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. सासरे गेल्यावर माझ्या बायकोला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "सगळे माझ्यापुढं हरायला लागलेत गं." आणि तोंड भिंतीकडे केलं.

बायको बाहेर येऊन रडली. मलाही सुचेना. डॉक्टरांचा धाक दाखवून झाला, देवाची शपथ घालून झाली. आणि मग मला टॅक्सीवाला आठवला. विमानतळावर जायचं असलं की मी चैत्राच्या वडिलांनाच बोलावतो. त्यांना फोन करून माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ते म्हणाले, रविवारी येतो.

रविवारी चैत्रा आली. उंच झाली होती, चालताना किंचित लंगडत होती. वडिलांच्या हातात घरच्या उरलेल्या एकुलत्या झाडाचं भलंमोठं पपनस होतं. आत्यांचे डोळे भरून आले, त्या तिचा हात धरायला गेल्या. पण पोरगी काही गळाभेटीला आलेली नव्हती. तिनं दप्तरातून चार सोंगट्या काढून चादरीवर ठेवल्या. हिरवी कोंबडी होतीच. "अज्जी, पट कुठाय?"

पट उशीखालून निघाला. आत्या खेळायला लागल्या ते नुसतं पोरीचं मन राखायला म्हणून. चैत्रानं पहिल्या संधीला त्यांची सोंगटी मारली. पुढच्या फेरीत दुसरी मारली. माझे सासरे दारात उभे होते, ते "अगं, अगं" करायला लागले, त्यांना बायकोनं बाहेर नेलं. तिसरी सोंगटी मेली तेव्हा आत्या कोपरावर उठून बसल्या. "अय्यो! कुणी शिकवलं हे तुला?" चैत्रा दातओठ खाऊन खेळत होती. कोंबडी सगळ्यांत शेवटी आत शिरली आणि डाव संपला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आत्यांना हरवलं होतं, आणि आत्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला होता. मला त्या क्षणी त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं.

"इन्नोंदु?" चैत्रानं विचारलं.

"टाक कवड्या," आत्या म्हणाल्या. "आता बघते तुला."

चैत्रानं पट उचलला, घडी घातली आणि ती सरळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. तिथं पट पसरला. "इथं या. पलंगावर कवड्या नीट पडत नाहीत."

आत्या त्या टेबलाकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत ना, जावईबापू? माझंच औषध मला पाजते." आणि मग, "तो वॉकर द्या इकडं." उभं राहताना त्या किंचाळल्या. टेबलापर्यंत जायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात चैत्राच्या वडिलांचं पपनस सोलून झालं. बसल्यावर घाम पुसत त्यांनी कवड्या हातात घेतल्या, आणि तो डाव त्या जिंकल्या.

आता आत्या घरी आहेत. पुढच्या खोलीतली खेळणी तशीच येतात-जातात, दात्यांच्या मुलाखती चालू आहेत, नव्या मोटारी पायरीवर घासल्या जातात. वॉर्डात मात्र त्यांना रोज जाणं जमत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी चैत्राचे वडील टॅक्सीनं नेऊन आणतात. एरवी मैत्रिणींबरोबर मोठ्या सिस्टर खेळायची बाजू सांभाळतात, आणि ऐकतो की मुलांना मुळीच सोडत नाहीत. मी दर रविवारी चामराजपेटेला जातो. घरी आल्यावर आत्यांनी मला समोर बसवून वचन घेतलं होतं. "काही झालं तरी माझ्यापुढं मुद्दाम हरायचं नाही. हराल त्या दिवशी मला कळेल."

ते वचन मी पाळतो. पण हल्ली आत्यांची नजर कमी झाली आहे. कधी कधी माझीच सोंगटी आपली समजून चालवतात. कुठली सोंगटी मारता आली असती ते त्यांच्या लक्षात येत नाही. पूर्वी त्यांच्याविरुद्ध एक डाव जिंकायला मला अख्खी दसरा-दिवाळी जावी लागे. गेल्या रविवारी मी सलग जिंकत गेलो. प्रत्येक वेळी त्यांची सोंगटी उचलून बाहेर ठेवताना माझा हात जड होतो, आणि तरी मी ठेवतो. त्या माझ्या चेहऱ्याकडे रोखून बघत असतात. मनातल्या मनात मी म्हणतो, आत्या, एकदाच मला त्या दिवाळीसारखं सपाटून हरवा. त्या कवड्या चाचपून गोळा करतात, पदर खोचतात आणि विचारतात, "इन्नोंदु?" मी हो म्हणतो आणि पुन्हा सोंगट्या मांडायला घेतो.